‘भिडणे’ : एका क्रियापदाची शिस्त

१.
समाजमाध्यमांवरील इतिहासलेखनात अलीकडे एका क्रियापदाची मोठी चलती आहे. ते क्रियापद म्हणजे ‘भिडणे’. शिवाजी महाराज प्रतापगडाखाली अफजलखानाला भिडले, लाल महालात शाहिस्तेखानाला भिडले, आग्र्याच्या दरबारात औरंगजेबाला भिडले. प्रतापराव गुजर नेसरीला बहलोलखानाला भिडले. बाजीराव पालखेडला निजामाला भिडले. पाच प्रसंग, पाच प्रतिस्पर्धी आणि क्रियापद एकच. प्रत्यक्षात मात्र या पाच ठिकाणी पाच वेगवेगळ्या गोष्टी घडल्या. त्यांतल्या काही ठिकाणी तर न भिडणे हेच मुख्य कर्तृत्व होते. एका शब्दाने हे सारे झाकले जाते, म्हणून हा धागा.

२.
प्रथम शब्दाचा अर्थ. ‘भिडणे’ याचा मूळ आशय स्पर्शाचा आहे. दोन वस्तूंमधील अंतर शून्य होणे, म्हणजे भिडणे. घराला घर भिडलेले असते, मनोरा गगनाला भिडतो, एखादे वाक्य काळजाला भिडते, नजरेला नजर भिडते. यांपैकी कुठेही भांडण नाही, स्पर्श मात्र सर्वत्र आहे. लढाईचा अर्थ या स्पर्शातूनच निघाला. शत्रू आणि आपण यांच्यात हत्याराच्या लांबीपेक्षा अधिक अंतर उरले नाही, आता माघार घ्यायची तर पाठ दाखवावी लागेल, अशा अवस्थेला मराठीने ‘भिडणे’ म्हटले.

३.
या शब्दाचे कूळ जुने आहे. बाराव्या शतकातील हेमचंद्राने आपल्या प्राकृत व्याकरणात ‘एकत्र येणे’ या अर्थाच्या संस्कृत ‘सम् + गम्’ला ‘अब्भिड’ हा प्राकृत पर्याय सांगितला आहे. आपले ‘भिडणे’ त्याच घराण्यातले. तौलनिक भाषाभ्यासात ‘भेटणे’ हेही याच कुळाशी जोडले जाते. म्हणजे ‘भेट’ आणि ‘भिडंत’ ही एकाच घरातली भावंडे. खेळातल्या जोडीदाराला मराठीत ‘भिडू’ म्हणतात, हेही ध्यानात घ्यावे. जो जवळ येतो तो भिडू. तो मित्र असेल की शत्रू, हे पुढचे.

४.
आता व्याकरण. ‘मावळ्यांनी शत्रूवर हल्ला केला’ आणि ‘मावळे शत्रूला भिडले’ ही दोन वाक्ये शेजारी ठेवून पाहावीत. पहिल्या वाक्यात कर्त्याला ‘नी’ हा प्रत्यय लागला आणि क्रियापद ‘हल्ल्या’प्रमाणे चालले. दुसऱ्यात कर्ता प्रत्ययाविना उभा आहे आणि क्रियापद थेट त्याच्याप्रमाणे चालते. ‘त्याने शत्रूला भिडले’ असे मराठी माणूस म्हणत नाही, ‘तो शत्रूला भिडला’ असेच म्हणतो. हल्ला ही करण्याची गोष्ट आहे. ती दुसऱ्याकडून करवता येते, दुरूनही करता येते. भिडणे मात्र स्वतःला जाऊनच साधते. तोफ मारा करते, पण तोफ भिडत नाही.

५.
म्हणून या क्रियापदात तीन अटी गृहीत आहेत. एक, दोन्ही पक्ष समोरासमोर असले पाहिजेत. दोन, अंतर मिटले पाहिजे. तीन, भिडणाऱ्याने स्वतःचा जीव पणाला लावलेला असला पाहिजे. या अटी पूर्ण होत नसतील, तेथे मराठीजवळ दुसरे शब्द आहेत आणि ते पुष्कळ आहेत.

६.
त्यांची मोजदाद केली तरी जुन्या मराठीची युद्धदृष्टी दिसू लागते. शत्रूच्या मुलखाकडे सैन्य घेऊन निघणे म्हणजे ‘चालून जाणे’. बेसावध शत्रूवर अचानक पडणे म्हणजे ‘छापा घालणे’. एकीकडे जाण्याचे भासवून दुसरीकडे वळणे म्हणजे ‘हूल देणे’. दाणापाणी तोडणे म्हणजे ‘कोंडी करणे’. किल्ल्याभोवती आडोसे उभारून तोफा रोखणे म्हणजे ‘मोर्चे लावणे’. पळणाऱ्याच्या मागे लागणे म्हणजे ‘पाठलाग’. चिंचोळ्या वाटेवर शत्रूला रोखून धरणे म्हणजे ‘खिंड लढवणे’. तोंडी संघर्षालाही वेगळी क्रियापदे आहेत. अधिकाराने उत्तर मागणे म्हणजे ‘जाब विचारणे’, ठाम शब्दांत सुनावणे म्हणजे ‘ठणकावणे’, पायरी सोडून भांडणे म्हणजे ‘हमरीतुमरीवर येणे’. यांतील प्रत्येक शब्द एक वेगळा निर्णय सांगतो.

७.
शब्द बदलतात, हे खरेच. ‘मोर्चा’ हा शब्द एके काळी जागेवर रोवलेल्या तोफांच्या ठाण्यासाठी होता, आज तो रस्त्यावरून चालणाऱ्या जमावासाठी वापरला जातो. भाषेच्या या प्रवासाला कोणी हरकत घेऊ नये. प्रश्न इतिहास सांगतानाचा आहे. सतराव्या शतकातील सेनापतीपुढे चार वाटा होत्या आणि त्याने त्यांतील एक निवडली, हे सांगायचे असेल तर त्या चार वाटांना चार नावे हवीत. सर्वांना ‘भिडला’ म्हटले की निवड अदृश्य होते आणि केवळ आवेश उरतो.

८.
पहिला प्रसंग प्रतापगडाचा, १० नोव्हेंबर १६५९. येथे ‘भेट’ आणि ‘भिडणे’ यांचे नाते अक्षरशः रणभूमीवर उतरले. खानाकडून कृष्णाजी भास्कर आणि महाराजांकडून पंताजी गोपीनाथ यांनी बोलणी केली, ती भेटीची. शामियाना उभा राहिला, तोही भेटीचा. आलिंगन झाले, तेही भेटीचेच लक्षण. त्या आलिंगनात अंतर शून्य झाले आणि भेटीची भिडंत झाली. मराठी बखरी पहिला वार खानाचा सांगतात. येथे ‘भिडले’ हे क्रियापद पुरेपूर शोभते. मात्र त्याआधीचे काही महिने महाराज खानाला भिडले नव्हते. त्यांनी त्याला उघड्या मैदानातून जावळीच्या रानात आणले. ते घडले नसते तर शामियान्यातला क्षण आलाच नसता.

९.
दुसरा प्रसंग पन्हाळ्याचा, जुलै १६६०. सिद्दी जौहरचा वेढा मार्चपासून पडलेला होता. पावसाळ्यातल्या त्या रात्री महाराज वेढ्यातून निसटून विशाळगडाकडे गेले आणि घोडखिंडीत बाजीप्रभू देशपांडे पाठलाग करणाऱ्यांना अडवून उभे राहिले. एकाच मोहिमेत दोन क्रियापदे आहेत: ‘निसटणे’ आणि ‘अडवणे’. राजाने भिडू नये म्हणून सरदार भिडला. दोघांपैकी एकाचे कृत्य शूराचे आणि दुसऱ्याचे कमी, अशी वाटणी करणाऱ्याला ती रात्र समजलीच नाही. बाजीप्रभूंच्या बलिदानाचा अर्थच मुळी महाराजांच्या निसटण्यात आहे.

१०.
तिसरा प्रसंग लाल महालाचा, ५ एप्रिल १६६३ची रात्र. शाहिस्तेखानाच्या अफाट फौजेला उघड्या मैदानात भिडणे म्हणजे आत्मनाश होता. महाराजांनी फौज वगळली आणि मोजके लोक घेऊन थेट खानाच्या शयनगृहापर्यंत मजल मारली. खानाची बोटे तुटली, त्याची अब्रू त्याहून अधिक तुटली आणि पुढे बादशहाने त्याला बंगालकडे धाडले. याचे नाव ‘छापा’. छाप्याचे सारे कौशल्य शत्रूला भिडण्याची संधी न देण्यात असते. ‘भिडले’ असे लिहिले की नेमके तेच कौशल्य वाचकापासून लपते.

११.
चौथा प्रसंग आग्र्याचा, १२ मे १६६६. ‘भर दरबारात औरंगजेबाला भिडले’ हे वाक्य सर्रास वाचायला मिळते. त्या काळच्या राजस्थानी पत्रांतून उभे राहणारे चित्र अधिक गंभीर आहे. अपेक्षित मान मिळाला नाही, उभे राहण्याची जागा खालची मिळाली, तेव्हा महाराजांचा संताप अनावर झाला. विचारपूस करायला आलेल्या रामसिंगापाशी त्यांनी तो स्पष्ट शब्दांत बोलून दाखवला, बादशहाकडे पाठ फिरवली आणि खिलत नाकारली. सिंहासन दूर होते आणि ते दूरच राहिले. शस्त्राची भाषा तेथे नव्हती.

१२.
मग या प्रसंगाचे क्रियापद कोणते? ‘पाठ फिरवणे’. मोगल दरबाराच्या रीतीत बादशहाकडे पाठ करणे हा किती मोठा अवमान होता, हे ज्याला ठाऊक आहे त्याला याहून जोरकस शब्द लागत नाही. रणांगणात पाठ दाखवणे ही नामुष्की, दरबारात पाठ फिरवणे हे धाडस. एकाच अवयवाच्या दोन वाक्प्रचारांत एवढे अंतर आहे. ‘भिडले’ या एका शब्दाने ते पुसले जाते.

१३.
पाचवा प्रसंग या धाग्याच्या केंद्रस्थानी आहे, कारण तेथे भिडणे हेच शोकांतिकेचे कारण ठरले. १६७३ साली उमराणी येथे सरनौबत प्रतापराव गुजर यांनी विजापूरच्या बहलोलखानाचे पाणी रोखून त्याला जेरीस आणले. खानाने गयावया केली, प्रतापरावांनी त्याला जाऊ दिले. खान पुन्हा चालून आला. महाराजांनी सेनापतीला कठोर शब्दांत बोल लावले. तो बोल प्रतापरावांच्या जिव्हारी लागला. २४ फेब्रुवारी १६७४ रोजी नेसरीजवळच्या खिंडीत, मागची फौज येण्याची वाट न पाहता, ते मूठभर स्वारांसह खानाच्या सैन्यावर तुटून पडले आणि मारले गेले. त्या वर्षीच्या एका इंग्रजी नोंदीत, दोन डोंगरांमधल्या चिंचोळ्या वाटेवर प्रतापराव आणि आणखी सहा घोडेस्वार पडल्याचा उल्लेख आहे. उरलेली फौज त्यांच्यामागे आली नव्हती.

१४.
कुसुमाग्रजांच्या कवितेने या सात स्वारांना मराठी मनात अजरामर केले, आणि ते योग्यच झाले. कवितेचे काम स्मरणाचे असते. इतिहासाचे काम आणखी एक प्रश्न विचारण्याचे असते: त्या दिवशी स्वराज्याने काय गमावले? राज्याभिषेकाला साडेतीन महिने उरले असताना राज्याचा सेनापती गेला. खान मात्र जिवंत राहिला. फौज सावरावी लागली, सरनौबतीची वस्त्रे हंबीरराव मोहित्यांना द्यावी लागली.

१५.
आता उमराणी आणि नेसरी शेजारी ठेवाव्यात. दोन्हीकडे तोच सेनापती आणि तोच शत्रू. उमराणीला त्याने पाणी रोखले आणि शत्रू हतबल झाला. नेसरीला तो भिडला आणि स्वतः संपला. उमराणीतील चूक शत्रूला सोडण्याची होती, कोंडीच्या युक्तीची नव्हती. पण बोलाची जखम अशी झाली की सेनापतीने सोडण्याची चूक भिडण्याने भरून काढली. ‘भिडणे म्हणजेच शौर्य’ हे समीकरण किती महाग पडू शकते, याचे याहून बोलके उदाहरण मराठ्यांच्या इतिहासात शोधावे लागेल. प्रतापरावांच्या निष्ठेपुढे मस्तक लववावे, त्यांच्या निर्णयाचे मात्र अनुकरण करू नये. या दोन्ही गोष्टी एकाच मनात राहू शकतात, आणि इतिहासाच्या अभ्यासकाच्या मनात त्या राहिल्याच पाहिजेत.

१६.
आता चोपन्न वर्षे पुढे, पालखेडला. १७२७-२८च्या मोहिमेत निजाम पुण्यापर्यंत आला होता आणि तेथे त्याने कोल्हापूरच्या संभाजीराजांना पुढे केले होते. पहिले बाजीराव त्याला अडवायला पुण्याकडे धावले नाहीत. ते जालना, बऱ्हाणपूर, गुजरात अशा वाटांनी निजामाच्याच मुलखाला ताप देत फिरले. निजामाला त्यांच्या मागे यावे लागले. वेगाच्या हव्यासापायी त्याचा अवजड तोफखाना मागे राहिला, आणि वैजापूरजवळ पालखेड येथे फेब्रुवारी १७२८च्या अखेरीस तो असा अडकला की ना पाणी, ना दाणा. ६ मार्च १७२८ रोजी मुंगी-शेवगावचा तह झाला.

१७.
बाजीरावांच्या सर्वांत नावाजलेल्या विजयात निर्णायक घमासान लढाई जवळजवळ नाहीच. ज्या क्षणी निजाम भिडायला उत्सुक होता, त्या क्षणी बाजीराव तेथे नव्हते. जेव्हा बाजीराव समोर आले, तेव्हा निजामाजवळ भिडण्याचे बळ उरले नव्हते. ‘पालखेडला बाजीराव निजामाला भिडले’ असे लिहिणारा बाजीरावांचा गौरव करू पाहतो आणि नकळत त्यांच्या प्रतिभेचा सर्वांत तेजस्वी भाग खोडून टाकतो.

१८.
एक प्रसंग याच्या उलट टोकाचा. पानिपतावर नोव्हेंबर १७६०च्या प्रारंभापासून दोन सैन्ये एकमेकांसमोर तळ देऊन होती. मध्ये चकमकी झडत होत्या. डिसेंबरात गोविंदपंत बुंदेले मारले गेले, रसद आटली, माणसे आणि जनावरे उपाशी पडू लागली. १४ जानेवारी १७६१ रोजी मराठे बाहेर पडले, ते उपासाने मरण्यापेक्षा लढून वाट काढावी म्हणून. तेथे मराठे खरोखरच भिडले, दिवसभर भिडले. पण ती निवड राहिली नव्हती. अन्य सर्व क्रियापदे संपल्यावर उरलेले ते शेवटचे क्रियापद होते. त्या सैनिकांचे धैर्य याने उणावत नाही. त्यांना तेथवर आणणाऱ्या घडामोडींचा विचार मात्र यामुळेच सुरू होतो.

१९.
यावर एक आक्षेप नेहमी येतो. शब्दांची अशी चिरफाड केली तर शौर्याची धग कमी होणार नाही का? तरुणांना इतिहासाकडे आणायचे तर भाषा ज्वलंत नको का? आक्षेप प्रामाणिक आहे. पण शब्दाची किंमत त्याच्या काटकसरीत असते. प्रत्येक चकमकीला, प्रत्येक तहाला, प्रत्येक दरबारी प्रसंगाला ‘भिडले’ म्हटल्यावर, पुरंदरावर १६६५ साली दिलेरखानाच्या सैन्यात मूठभर लोकांनिशी घुसणाऱ्या मुरारबाजी देशपांड्यांसाठी कोणता शब्द उरतो? जे खरोखर भिडले त्यांच्या वाट्याचा शब्द इतरत्र उधळणे, हा त्यांच्यावरच अन्याय आहे.

२०.
दुसरे नुकसान याहून खोल आहे. भिडण्यालाच एकमेव माप मानले की न भिडलेले प्रसंग लाजिरवाणे वाटू लागतात. मग पुरंदरच्या तहाविषयी बोलताना आवाज खाली जातो किंवा तो गाळलाच जातो. जून १६६५मध्ये महाराज स्वतः मिर्झाराजे जयसिंगांच्या भेटीस गेले आणि तहात तेवीस किल्ले द्यावे लागले. ही भेट होती, भिडंत नव्हे. पण हातात राहिलेल्या बारा किल्ल्यांनी राज्याचा श्वास चालू ठेवला. १६७०च्या फेब्रुवारीत कोंढाणा परत आला आणि त्यापाठोपाठ गेलेले किल्ले एकेक करून परत येऊ लागले. १६६५चे ‘नमते घेणे’ वगळून १६७०ची चढाई समजत नाही. नमते घेणे हेही राज्य राखण्याचे एक क्रियापद आहे.

२१.
तिसरे नुकसान आजचे. इतिहासात प्रत्येक जण प्रत्येकाला भिडत होता असे वाचत वाढलेला तरुण वर्तमानातही तेच माप लावू लागतो. मतभेद दिसला की भिडा, प्रश्न विचारला की भिडा, वेगळा पुरावा मांडला की त्या मांडणाऱ्यालाच भिडा. जाब विचारणे, खोडून काढणे, पडताळणे, दुरुस्त करणे ही सारी क्रियापदे मग दुबळी भासतात. वास्तविक इतिहासाचे शास्त्र याच क्रियापदांवर उभे आहे. वि. का. राजवाडे गावोगाव हिंडून जुनी दप्तरे गोळा करत होते, ते कुणा माणसाला भिडण्यासाठी नव्हे. कागद बोलू लागला की आवाज चढवण्याची गरज उरत नाही, हे त्यांच्या पिढीने ओळखले होते.

२२.
तेव्हा पुढच्या वेळी ‘भिडले’ हा शब्द लिहिण्यापूर्वी किंवा पुढे धाडण्यापूर्वी चार प्रश्न स्वतःला विचारावेत. दोन्ही पक्ष खरोखर समोरासमोर आले होते का? अंतर मिटले होते का? भिडणाऱ्यापुढे दुसरी वाट होती का, आणि असल्यास त्याने ती का सोडली? त्या भिडण्याने राज्याचे काय साधले? पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरे शब्द ठरवतील. पुढच्या दोहोंची उत्तरे शोधू लागले की इतिहासाचा अभ्यास सुरू होतो.

२३.
आणि ज्यांना भिडल्यावाचून चैन पडत नाही, त्यांच्यासाठीही या क्रियापदाचा एक जुना अर्थ मोकळा आहे: अंतर मिटवणे. मोडी लिपी शिकून मूळ पत्र वाचणे, एकाच घटनेचे फारसी, इंग्रजी आणि मराठी वृत्तांत शेजारी ठेवणे, नेसरीच्या खिंडीत किंवा पालखेडच्या माळावर स्वतः उभे राहून पाणी कोणत्या बाजूला होते हे पाहणे. येथेही तिन्ही अटी लागू पडतात. समोरासमोर यावे लागते, अंतर मिटवावे लागते आणि स्वतःचे काहीतरी पणाला लावावे लागते. बहुधा ते आपले आवडते मत असते.

(धागा समाप्त)